बडोद्यातल्या तीस वर्षांच्या रॉक बँडवर माहितीपट: सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्यात १९९४ साली कॉलेजात सुरू झालेला एक रॉक बँड अजून वाजवतोय. मूळच्या पाचांपैकी तिघे उरलेत, एक परदेशी गेला, एक भांडून बाहेर पडला. कॅसेटींची एक पेटी आहे, शिवाय काही व्हीएचएस आणि मिनी डीव्ही टेपा. हाताशी एक कॅमेरा, दोन मित्र आणि वर्षभराचा वेळ. पुढच्या महिन्यात बँडचा कार्यक्रम आहे, तो शूट करून सुरुवात करावी का?

करू नका. कार्यक्रम पुढच्या वर्षीही होईल. पेटीतल्या टेपा मात्र दर पावसाळ्यात थोड्या थोड्या मरतायत. शिवाय बँड तीस वर्षं कशावर टिकला हे स्टेजवर कळत नाही, तालमीच्या खोलीत कळतं. आधी टेपा, मग हक्कांचे कागद, मग तालमी आणि मुलाखती, आणि कार्यक्रम सगळ्यात शेवटी.

पेटी उघडल्यावर लगेच काही वाजवून बघायचा मोह टाळा. प्रत्येक टेपला क्रमांक द्या आणि कव्हरवर, आतल्या चिठ्ठीवर जे खरडलंय त्याचा फोटो काढा. कॅसेटच्या मागच्या कडेला प्लॅस्टिकचे दोन दात असतात, ते मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी जुनं पुसलं जाणार नाही. व्हीएचएसला असा एकच दात असतो, मिनी डीव्हीला सरकवायची पट्टी. त्यानंतर कॅसेटच्या पारदर्शक खिडकीतून गुंडाळीची कड नीट बघा. पांढरट ठिपके किंवा भुकटी दिसली तर ती बुरशी. विश्वामित्रीच्या २०१९ आणि २०२४च्या पुरात शहरातल्या कित्येक तळमजल्यांत पाणी शिरलं होतं, त्यामुळे पेटी कुठल्या घरात कुठल्या मजल्यावर होती हेही विचारा. बुरशीची टेप चांगल्या मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढच्या प्रत्येक टेपला लागते. अशी टेप वेगळ्या पिशवीत बांधून टेप साफ करणाऱ्याकडेच द्या. जुन्या टेपा ओव्हनमध्ये भाजतात असं कुठेतरी वाचायला मिळेल. तो इलाज चिकट झालेल्या काही मोठ्या स्पूल टेपांसाठी आहे, कॅसेटवर करू नका.

कॅसेटसाठी चालू स्थितीतला, तपासलेला डेक मिळवा. हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारा धातूचा दांडा) आणि रबरी चाक दर दोन-तीन कॅसेटींनंतर पुसा. हेड आणि कॅप्स्टनला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं. हेडच्या बाजूला स्प्रिंगवर बसवलेला एक छोटा स्क्रू असतो. मूळ रेकॉर्डिंग ज्या मशीनवर झालं त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन सहसा जुळत नाही, म्हणून सिंबलचा (ड्रमच्या झांजेचा) आवाज घोंगडीखालून आल्यासारखा लागतो. आवाज मोनो करून ऐकत तो स्क्रू अगदी किंचित फिरवा. सिंबल जिथे सगळ्यात मोकळी वाजते तिथे थांबा. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. कंटाळवाणं आहे, पण नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जे परत येणार नाही ते इथे दोन मिनिटांत येतं. टेप दाबून धरणारा मखमली तुकडा आत गळून पडला असेल तर आवाज येतो-जातो. अशा वेळी टेप स्क्रूवाल्या रिकाम्या कवचात हलवा. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये घ्या. खरखर काढायची सफाई नंतर, आणि तीही प्रतीवर.

तालमींच्या कॅसेटींमध्ये हमखास येणारा घोटाळा वेगाचा. टू-इन-वनवर रेकॉर्ड करताना सेल उतरलेले असले की टेप हळू फिरते, आणि आज बरोबर वेगाने वाजवली की गाणं चढ्या पट्टीत, घाईघाईने चालल्यासारखं ऐकू येतं. गिटारची जाड तार ८२.४ हर्ट्झला हवी, त्यावरची ११० हर्ट्झला. पण त्या काळात बँड अर्धा सूर उतरवून वाजवत होता का हे आधी विचारा, नाहीतर बरोबर टेप चुकीची करून बसाल. दुसरी खूण अॅम्पच्या (गिटारच्या अॅम्प्लिफायरच्या) घुमण्यात आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, तेव्हा अॅम्पची घरघर ५० आणि १०० हर्ट्झच्या आसपास असायला हवी. ती ५२वर दिसली तर टेप बहुधा चार टक्के जोरात पळतेय. एक अर्धसूर म्हणजे साधारण सहा टक्के. ही घरघर काढून टाकण्याआधी मोजून घ्या.

व्हीएचएस पकडताना स्वस्त यूएसबी डोंगल वापरलं की फ्रेम गळतात आणि दहा मिनिटांत ओठ आणि आवाज वेगळे होतात, कारण टेपचा सिग्नल डळमळीत असतो. मध्ये टाइम बेस करेक्टर, म्हणजे ही डळमळ सरळ करणारी सोय, असलेलं यंत्र हवं. काही चांगल्या व्हीसीआरमध्ये ते आतच असतं. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीचं चित्र ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, प्रत्येक फ्रेम दोन अर्ध्यांत विणलेली. ते विणलेलंच जपून ठेवा, उलगडलेली प्रत वेगळी करा. आणि चौकोनी चित्र ताणून रुंद करू नका. माणसं बुटकी-जाड दिसतात आणि त्या काळाचा पोतही जातो. दोन्ही बाजूंना काळं राहू द्या.

मिनी डीव्हीचा मजकूर डिजिटलच असतो, तो फायरवायर तारेनेच काढा. ताशी साधारण १३ जीबी लागतात. फायरवायरचं भोक असलेला जुना लॅपटॉप शोधणं हेच यातलं मोठं काम. एलपी मोडमध्ये (टेप हळू फिरवून जास्त वेळ भरायची पद्धत) भरलेली टेप बहुधा ज्या कॅमेऱ्यात भरली त्यातच नीट वाजते, म्हणून व्हिडिओवाल्याकडे तो कॅमेरा अजून आहे का ते बघा. पेटीत एस-व्हीएचएससारखी (व्हीएचएसचा सुधारित प्रकार) दिसणारी, पण एखाद्या स्टुडिओचं लेबल असलेली कॅसेट निघाली तर ती व्हीसीआरमध्ये घालू नका. नव्वदीत स्टुडिओंमध्ये ए-डॅट यंत्रं होती, आठ ट्रॅक त्याच आकाराच्या टेपवर भरायचे. अशी टेप मिळणं म्हणजे लॉटरी, कारण त्यातून नुसता ड्रम, नुसता गळा वेगळा काढता येतो. मुंबईतल्या एखाद्या जुन्या स्टुडिओत यंत्र मिळेपर्यंत तिला हात लावू नका.

फोटोंचं थोडक्यात: चार बाय सहाची प्रिंट ६०० डीपीआयला स्कॅन केली की ३६०० बाय २४०० ठिपके मिळतात. निगेटिव्ह असेल तर प्रिंट सोडा आणि निगेटिव्ह ४००० डीपीआयला करा, म्हणजे ४के चित्रात फोटोवरून कॅमेरा फिरवायला जागा राहते. सगळ्याच्या तीन प्रती ठेवा, त्यातली एक दुसऱ्या घरी.

आता हक्क. हा भाग लोक शेवटी ठेवतात आणि तयार चित्रपट कपाटात पडून राहतो. एका गाण्यात निदान दोन वेगळ्या मालमत्ता असतात: चाल आणि शब्द एक, ध्वनिमुद्रण दुसरी. बँडने तेव्हा एखाद्या कंपनीमार्फत कॅसेट काढली असेल तर मुद्रणाचा हक्क कंपनीकडे असण्याची शक्यता आहे. मूळ करार शोधा. आपल्या कायद्यात चाल आणि शब्दांवरचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो, मुद्रणावरचा प्रकाशनानंतर ६० वर्षं. कॉलेजच्या दिवसांत बँड परदेशी बँडची गाणी वाजवत असणारच. ती यांनी स्वतः वाजवली तरी चित्रपटात घेण्यासाठी मूळ प्रकाशकाची परवानगी लागते. सभागृहात वाजवण्याचा परवाना आयपीआरएसकडून (गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था) घेतला म्हणून ते गाणं चित्राला जोडण्याची मुभा मिळत नाही. ‘सात सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियमही कायद्यात कुठे नाही. समीक्षेसाठी वाजवी वापराची सूट आहे, पण ती सेकंदांवर मोजत नाहीत, आणि चार मिनिटं पार्श्वसंगीत म्हणून गाणं चालवणं तिच्यात बसणार नाही. सरळ उपाय म्हणजे चित्रपट बँडच्या स्वतःच्या गाण्यांवर उभा करा.

संमतिपत्रात मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहा. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. आणि हक्क घेऊन एक वर्षात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलेलं नसल्यास, तो परत जातो. वर्षभर म्हणता म्हणता तुमचा चित्रपट संपायला दोन वर्षं लागतील, म्हणून हे वाक्य विसरू नका. फोटो ज्याने काढला तो सहसा त्याचा मालक असतो, फोटोत कोण आहे यावर ते ठरत नाही. पैसे देऊन काढून घेतलेला असेल तर गोष्ट वेगळी.

भांडून गेलेला माणूस इथेच समोर येतो. त्याने गाण्यांत शब्द किंवा चाल दिली असेल तर तो सहकर्ता आहे, त्याच्या होकाराशिवाय ती गाणी घेता येणार नाहीत. म्हणून त्याला सगळ्यात आधी भेटा, आणि कॅमेरा न घेता भेटा. कायद्याची गरज नसती तरी हेच करायला सांगितलं असतं. जो बाहेर पडला त्याला बँड का टिकला याची सगळ्यात नेमकी जाण असते. त्याला उरलेल्यांच्या मुलाखती झाल्यावर बोलावलंत तर तो बचावाचं भाषण करेल. आधी गेलात तर आठवणी सांगेल.

तालमीच्या खोलीकडे वळू. निदान दहा तालमी शूट करा. पहिल्या तीन-चार फुकट जातील, कारण सगळे कॅमेऱ्यासाठी वाजवतील. एक कॅमेरा पुरतो, पण आवाज आठ ट्रॅकवर वेगळा घ्या. किकला (पायाने वाजणाऱ्या मोठ्या ड्रमला) एक माइक, ड्रमच्या वर दोन, बेस डीआय बॉक्समधून (वाद्याची तार रेकॉर्डरला जोडणारी डबी) थेट, दोन गिटार अॅम्पना एकेक, गाणाऱ्याचा एक, आणि खोलीचा एक. वरचे दोन्ही माइक स्नेअरपासून (ड्रमरच्या पुढ्यातला खणखणीत ड्रम) सारख्या अंतरावर हवेत. दोरीने मोजा, नाहीतर स्नेअर पोकळ लागते. अॅम्पचा माइक जाळीपासून दोन-तीन सेंटीमीटरवर, स्पीकरच्या कोनाचा मध्य आणि कड यांच्या साधारण मधोमध ठेवा. मध्यावर ठेवला तर आवाज बोचतो, कडेला ठेवला तर मंदावतो. गच्चीवरची पत्र्याची खोली किंवा उघड्या भिंतींचं गॅरेज असेल तर ड्रमरच्या मागे दोन जाड रजया टांगा. अंड्यांचे ट्रे भिंतीला लावू नका, आवाज त्यांनी अडत नाही आणि आग लवकर धरते.

माहितीपटाला लागणारा सगळ्यात मोलाचा आवाज गाणं थांबल्यानंतरचा असतो. कोण चुकलं, पुन्हा कुठून घ्यायचं, हे कोण ठरवतं आणि कोण गप्प बसतं. वाद्यांच्या माइकवर हे बोलणं धड येत नाही. म्हणून प्रत्येकाच्या छातीशी छोटा कॉलर माइक लावा आणि गाणं चालू असताना तो ट्रॅक विसरा. ३२ बिट फ्लोट रेकॉर्डरवर पातळी सांभाळावी लागत नाही हे खरं, पण ड्रमच्या दणक्याने आवाज माइकमध्येच फाटत असेल तर रेकॉर्डर काही करू शकत नाही. माइक जास्त आवाज सोसणारा निवडा. आणि गाणं संपल्यावर कॅमेरा दोन मिनिटं बंद करू नका. नवशिके नेमके तिथे बटण दाबतात.

घुमणारी घरघर आली तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. मग डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबून बघा, मग सगळं एकाच बोर्डावरून घ्या. अॅम्पच्या पिनेचा अर्थिंगचा पाय कधीही तोडू नका. घरघर थांबेल, पण अॅम्पमध्ये बिघाड झाला तर गाणाऱ्याचे ओठ माइकला आणि हात गिटारच्या तारेला लागलेले असतात, वीज त्याच्या अंगातून जाते. यात माणसं गेली आहेत.

कॅमेरा २५ फ्रेमवर, शटर १/५० वर ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ट्यूबलाइट फडफडत नाही, आणि जुन्या टेपाही २५ फ्रेमच्याच असल्याने जुळवणी सोपी होते. मित्रांच्या मोबाइलवरचं शूटिंग घेणार असाल तर ते आधी स्थिर फ्रेमदरात बदलून घ्या. मोबाइलचा दर कमी-जास्त होत राहतो आणि लांब गाण्यात आवाज सरकतो. जागेचा हिशोब: १०० मेगाबिटचं ४के ताशी ४५ जीबी. तीन-तीन तासांच्या दहा तालमी म्हणजे सव्वा टेराबाइटच्या वर, तेही एका प्रतीत.

कॅमेरा बोटांवर रोखून बसू नका. तीस वर्षं एकत्र वाजवणारी माणसं एकमेकांकडे फारशी बघत नाहीत. बेसवाला ड्रमरकडे नेमका कुठे बघतो ते शोधा. बँड तिथेच आहे.

मुलाखती एकेकट्यांच्या घ्या, एकत्र बसवून शेवटी एकदाच. ‘सुरुवात कशी झाली’ हा प्रश्न सोडा; त्याचं उत्तर त्यांनी शंभर वेळा दिलंय आणि ते गुळगुळीत झालंय. त्याऐवजी हेडफोन देऊन १९९६ची एखादी तालीम ऐकवा आणि कॅमेरा चेहऱ्यावर ठेवा. आधी टेपा करायला सांगितल्या त्याचं हेही एक कारण. बडोद्यात मे महिन्यात पारा ४०-४२ वर जातो, पण आवाज स्वच्छ यावा म्हणून पंखा बंद करावाच लागतो. वीस मिनिटं बोला, मग पंखा लावून थांबा. फ्रिज बंद केलात तर स्वतःच्या गाडीची किल्ली त्यात ठेवा, म्हणजे तो पुन्हा चालू केल्याशिवाय निघता येणार नाही. उठण्याआधी एक मिनिट सगळे गप्प राहून खोलीची शांतता भरून घ्या, संकलनात सांधे झाकायला लागते. भाषेचं बंधन घालू नका. बडोद्यात एकच माणूस आईशी मराठी, ड्रमरशी गुजराती आणि गाण्यात इंग्रजी बोलतो. कुठल्या विषयावर भाषा बदलते ते टिपा आणि उपशीर्षकांत दाखवा.

वयाने मोठा किंवा आजारी असेल त्याची मुलाखत पुढे ढकलू नका. दिल्लीच्या इंडियन ओशनवरचा माहितीपट २०१० साली लोकांसमोर आला, त्याआधी डिसेंबर २००९मध्ये बँडचे असीम चक्रवर्ती गेले होते. ते पडद्यावर आहेत, कारण कॅमेरा वेळेत तिथे होता. मेटालिका या अमेरिकन बँडवरचा २००४चा चित्रपटही एका अल्बमच्या तयारीचा म्हणून बघायला जावं आणि माणसं एकत्र राहतील का याचा निघावा असा आहे. बेसिस्ट सोडून गेलेला, गायक काही महिने उपचारांसाठी दूर, आणि कॅमेरा चालूच.

बडोद्याच्या बँडची स्वतःची गोष्ट दोन ठिकाणी सापडेल. पहिली दारूबंदी. गुजरात राज्य १९६०मध्ये झालं तेव्हापासून इथे ती आहे, त्यामुळे पुण्या-मुंबईच्या बँडना दर आठवड्याला जे पब मिळतात ते इथे नाहीत. मग हा बँड वाजवायचा कुठे? एमएसयूच्या (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या) फेस्टमध्ये, नाट्यगृहात, कुणाच्या फार्महाउसवर. वर्षातून वीस वेळा वाजवणारा आणि दोनशे वेळा वाजवणारा बँड वेगळे घडतात, हे त्यांच्या तालमीतही ऐकू येईल.

दुसरी नवरात्र. बडोद्यातला चांगला ड्रमर त्या नऊ रात्री बहुधा गरब्यात ऑक्टोपॅडवर बसलेला असतो, आणि त्याआधी कित्येक दिवस तालमीत. तीस वर्षं घर कसं चाललं याचं उत्तर तिथे असतं, म्हणून एक पूर्ण रात्र त्याच्याबरोबर काढा. गरब्याची गाणी दुसऱ्यांची असतात, तेव्हा वाजवण्यापेक्षा साउंड चेक, जेवणाची सुट्टी, पहाटे सामान भरणं यावर भर द्या, आणि आयोजकाची लेखी परवानगी घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनुसार लाउडस्पीकर रात्री दहाला बंद होतो. सणांसाठी वर्षात १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंतची सूट देता येते.

एक मोह टाळायला हवा. बडोद्याच्या संगीतावर काही करायचं म्हटलं की सयाजीराव महाराज, कलावंत कारखाना (दरबारी कलाकारांचं खातं), मौलाबक्षांनी १८८६ साली सुरू केलेली गायनशाळा, उस्ताद फैयाज खाँ इथून सुरुवात होते. हे सगळं थोरच आहे. पण बँडमधला कुणी सूरसागरच्या काठच्या त्या संगीत महाविद्यालयात शिकला असेल तरच ते आणा. नाहीतर १९८६पासूनचा मुंबईचा इंडिपेंडन्स रॉक महोत्सव आणि १९९३ साली अलाहाबादहून निघालेलं रॉक स्ट्रीट जर्नल हे मासिक हेच या मुलांचं घराणं. त्याचे जुने अंक त्यांच्या माळ्यावर आहेत का ते विचारा.

शेवटी कार्यक्रम. साउंडवाल्याकडून नुसता स्टिरिओ आउट (मिक्सरमध्ये एकत्र मिसळलेला आवाज) घेतलात तर गळा मोठा आणि गिटार-ड्रम गायब मिळतील, कारण छोट्या सभागृहात ती वाद्यं स्टेजवरूनच पुरेशी ऐकू येतात आणि मिक्सरमध्ये कमी ठेवलेली असतात. डिजिटल मिक्सर असेल तर सगळे चॅनल यूएसबीवरून वेगवेगळे घ्या; आदल्या दिवशी तार लावून अर्धा तास रेकॉर्ड करून बघा. प्रेक्षकांसाठी दोन माइक वेगळे लावा. ते स्टेजपासून दहा मीटरवर असतील तर त्यांचा आवाज साधारण २९ मिलिसेकंद उशिरा येतो, मिश्रणाच्या वेळी तो तेवढा लवकर आणा. प्रत्येक यंत्र ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर एकेक टाळी वाजवा. दोन तासांत यंत्रं एकमेकांपासून काही फ्रेम सरकतात, दुसऱ्या टाळीवरून ते पकडता येतं.

मिश्रण दोनदा करावं लागेल. टीव्हीसाठी बऱ्याच ठिकाणी उणे २३ एलयूएफएस (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) मागतात, यूट्यूब त्याहून मोठा आवाज उणे १४च्या आसपास खाली आणतं. बोलणं ऐकू यावं म्हणून गाणी दाबू नका. बोलणं संपल्यावर गाणं पूर्ण ताकदीने येऊ द्या. चित्रपटगृहात तिकीट लावून दाखवायचा तर सेन्सॉरचं प्रमाणपत्र लागतं. महोत्सवात दाखवताना आयोजक त्यातून सूट मिळवतात, अर्ज करताना त्यांना तसं विचारून घ्या.

टेपांना पहिल्या दिवशी दिलेले क्रमांक फाइलच्या नावात शेवटपर्यंत ठेवा, आणि काम संपल्यावर सगळ्या टेपांच्या न कापलेल्या फाइलींची एक हार्डडिस्क बँडला द्या. एक प्रत बाहेर पडलेल्यालाही.